सुटका झालेली बाई पुढे कुठे जाते? पीटा कायदा, मानवी व्यापार आणि मानवी हक्क

चौकटराणी (धागाकर्ती)

पेपरातली ही बातमी पाठ झाली असेल सगळ्यांना. गुप्त बातमीदाराने खबर दिली, बनावट गिऱ्हाईक पाठवून खात्री केली, पंचांसमक्ष छापा टाकला, घरवाली (कुंटणखाना चालवणारी बाई) आणि दलाल अटकेत, तीन पीडित महिलांची सुटका. बातमी संपली. त्या तिघी मग रिक्षा करून घरी गेल्या असतील, असं वाचणाऱ्याला वाटतं.

तसं होत नाही. आपला अनैतिक मानवी व्यापार प्रतिबंधक कायदा, म्हणजे पोलिसांच्या तोंडचा 'पीटा', मूळ १९५६ चा. १९८६ मध्ये दुरुस्ती होऊन त्याला आजचं नाव मिळालं. त्याच्या कलम १७ प्रमाणे छाप्यात ताब्यात घेतलेल्या बाईला दंडाधिकाऱ्यांपुढे उभं करतात. ते परिवीक्षा अधिकाऱ्याकडून चौकशी करून घेतात: वय काय, चालचलणूक कशी, आईबाप किंवा नवरा सांभाळायला लायक आहेत का. या काळात तीन आठवड्यांपर्यंत ताबा. चौकशीत 'हिला संरक्षणाची गरज आहे' असं ठरलं, तर एक ते तीन वर्षं संरक्षणगृहात. आरोपी घरवालीला जामीन मागता येतो. ही आरोपीच नाही, त्यामुळे हिला जामीनही नाही. आणि 'बाई सज्ञान असेल तर आधी तिचं म्हणणं विचारावं' असं वाक्य त्या कलमात नाही.

आता दुसरी बाजू. संयुक्त राष्ट्रांचा मानवी व्यापाराबद्दलचा पालेर्मो प्रोटोकॉल २००० सालचा, भारताने २०११ मध्ये त्याला मान्यता दिली. त्यात मानवी व्यापार ठरायला तीन गोष्टी लागतात. माणसाची ने-आण किंवा भरती, त्यासाठी वापरलेली बळजबरी वा फसवणूक, आणि शोषणाचा हेतू. मूल असेल तर मधली गोष्ट सिद्ध करावी लागत नाही. म्हणजे सज्ञान बाई स्वतःहून धंदा करते तेव्हा तो मानवी व्यापार होत नाही. २००२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क उच्चायुक्तांनी या विषयावर तत्त्वं काढली. त्यात स्पष्ट आहे की व्यापार रोखायचे उपाय माणसांच्या हक्कांवर उलटता कामा नयेत आणि बळी पडलेल्या व्यक्तीला कोंडून ठेवू नये.

माझं म्हणणं एवढंच आहे की छाप्याचं यश किती बायका 'काढल्या' यावर मोजू नये. त्यातल्या प्रत्येकीला काय हवं होतं आणि वर्षभराने ती कुठे आहे, यावर मोजावं.

अल्पवयीन मुलींबद्दल वाद नाही. तिथे पॉक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) आहे, बाल कल्याण समिती आहे, संमतीचा प्रश्नच येत नाही. त्यावर कृपया इथे खल नको.

काळाकोट

धागा चांगला. थोडी भर घालतो.

सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने (न्या. पृथ्वीराज चव्हाण) नेमका हाच प्रश्न सोडवला. विशीतल्या तीन तरुणी, बनावट गिऱ्हाईक पाठवून पकडलेल्या. खालच्या कोर्टाने त्यांना एक वर्ष परराज्यातल्या वसतिगृहात ठेवायला सांगितलं होतं. उच्च न्यायालय म्हणालं, पीटाखाली वेश्याव्यवसाय हा मुळात गुन्हाच नाही. या सज्ञान आहेत, त्यांना मर्जीविरुद्ध डांबता येणार नाही. सोडून दिलं.

मग गुन्हा कशाचा? कलम २(अ) मध्ये कुंटणखान्याची व्याख्या आहे. दुसऱ्याच्या फायद्यासाठी चालवलेली जागा तर आलीच, पण दोघी किंवा जास्त जणींच्या 'परस्पर फायद्यासाठी' वापरलेली जागाही आली. म्हणजे दोघींनी सुरक्षिततेसाठी एकत्र खोली घेतली की तो कुंटणखाना. कलम ४: अठरा वर्षांवरचं जे कोणी तिच्या कमाईवर जाणूनबुजून जगेल ते गुन्हेगार, आणि तिच्यासोबत राहणारा माणूस तसा जगतो असं कोर्ट गृहीत धरतं, नाही हे त्याने सिद्ध करायचं. मुलगा अठरा वर्षांचा झाला की तो यात येतो. म्हातारी आई तर आधीपासूनच. कलम ७: देऊळ-मशीद, शाळा, वसतिगृह, दवाखाना यांच्यापासून दोनशे मीटरच्या आत धंदा केला तर तीन महिने. जुन्या पेठेत दोनशे मीटरमध्ये देऊळ नाही अशी जागा दाखवा. कलम ८: खुणावलं, बोलावलं तर सहा महिने. कलम २०: दंडाधिकारी तिला हद्दीबाहेर काढू शकतात. या कलमाला आव्हान दिलं गेलं तेव्हा १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवलं.

बिनपाण्याचा

थोडक्यात धंदा कायदेशीर. खोली, रस्ता, मैत्रीण, मुलगा आणि आई बेकायदेशीर. मसुदा लिहिणाऱ्याला साष्टांग दंडवत.

उंबरझाड

सगळे एका सुरात बोलतायत म्हणून मुद्दाम लिहिते. मी काही वर्षं एका संरक्षणगृहात समुपदेशक होते. गाव-नाव विचारू नका.

छाप्यात आलेल्या एका मुलीचं सांगते. पोलिसांना ती पहिल्या फेरीत दिसलीच नव्हती. पोटमाळ्यावर, पत्र्याच्या पेट्यांच्या मागे, पुरेशी उभीसुद्धा राहता येणार नाही अशा जागेत तिला तिघींसोबत कोंबलं होतं, आणि वरून गाद्या टाकल्या होत्या. एका महिला कॉन्स्टेबलला गादी हलल्यासारखी वाटली म्हणून ती सापडली. आमच्याकडे आल्यावर चार दिवस ती फक्त झोपली. तिला कोणी विचारलं असतं, 'तुला जायचंय का?', तर ती 'नाही' म्हणाली असती, कारण तसंच म्हणायला शिकवलेलं होतं. वय विचारलं की 'एकवीस' हेही शिकवलेलं.

'तिला विचारा' हे ऐकायला छान आहे. पण कुठे विचारणार? त्याच खोलीत, घरवाली दोन हातांवर बसलेली असताना? पंधराव्या वर्षी विकली गेलेली आज बावीस वर्षांची आहे, तिची संमती कुठल्या तारखेपासून मोजायची? आणि कर्ज. वहीत तिच्या नावावर आणणाऱ्याला दिलेले पैसे, साड्या, औषधं, खोलीचं भाडं, सगळं चढवलेलं. वही तिच्या हातात कधीच नाही. तीन आठवडे त्या माणसांपासून लांब राहिल्यावर ज्या मुली बोलायला लागल्या त्या मी पाहिल्यात. तो ताबा काढून घेतलात तर त्यांचं काय?

रातराणी२

उंबरझाड, नेटका प्रतिसाद. पण त्याच गृहात ज्यांना राहायचं नव्हतं अशाही असतील ना? त्यांचं प्रमाण काय होतं?

उंबरझाड

आकडा सांगणार नाही, कारण तो एकाच ठिकाणचा, त्यातून काही सिद्ध होत नाही. पण होत्या, आणि थोड्या नव्हत्या. गजांना धरून रस्त्याकडे बघत बसायच्या. मुलं गावाकडे, महिन्याचे पैसे गेले नाहीत म्हणून जीव टांगणीला. त्यांच्यासाठी मी काही करू शकत नव्हते. आम्ही दोघींना, म्हणजे पोटमाळ्यावरच्या मुलीला आणि रस्त्याकडे बघत बसणाऱ्या अशा एका बाईला, शिलाई मशीन दिलं. एकच कोर्स होता.

चौकटराणी (धागाकर्ती)

उंबरझाड, घरवालीसमोर विचारू नये हे शंभर टक्के मान्य. वेगळी जागा, वेगळी वेळ, तिची भाषा बोलणारी बाई, वकील, हे सगळं हवं. पण त्या जागेला बाहेरून कुलूप कशाला?

गंमत म्हणजे याच कायद्यात कलम १९ आहे. धंद्यातली बाई स्वतः अर्ज करून संरक्षणगृहात राहायला मागू शकते. म्हणजे दार आतून उघडण्याची सोय कायदा करणाऱ्यांनाही सुचली होती. पोटमाळ्यावरची मुलगी अल्पवयीन असेल तर ती पीटाच्या वादात येतच नाही. सज्ञान असेल तर थोडे दिवस सुरक्षित निवारा आणि मग तिचा निर्णय, हे कुलपाशिवाय होऊ शकतं. तुमचं 'थोड्या नव्हत्या' हेच माझ्या दृष्टीने या धाग्याचं उत्तर आहे.

वय ठरवण्याचं मात्र खरंच अवघड आहे. हाडांच्या एक्स-रेवरून वय काढलं तरी त्यात दोनेक वर्षं इकडे-तिकडे होतात. सतरा-अठरा-एकोणीसच्या पट्ट्यात डॉक्टरही छातीठोक सांगू शकत नाही. तिथे संशयाचा फायदा 'मूल' म्हणून द्यावा.

रानजाई

मी एड्स प्रतिबंधाच्या प्रकल्पात वस्तीत काम केलंय, त्या बाजूने लिहिते.

छापा पडायच्या भीतीने निरोधची पाकिटं तांदळाच्या डब्यात ठेवायच्या बायका. कारण पंचनाम्यात 'निरोधचे बॉक्स' हा मुद्देमाल म्हणून लिहिला जायचा. एक सरकारी खातं वाटतं, दुसरं तेच पुरावा म्हणून जप्त करतं. छापा पडला की वस्ती विखुरते. लॉजवर, हायवेवर, फोनवर. मग आमची प्रेरिका (वस्तीत फिरून माहिती देणारी कार्यकर्ती) कुणाला भेटणार? एचआयव्हीची रोजची गोळी चालू असलेल्या बायकांची गोळी तुटते, हे तर हमखास.

आणि एक गोष्ट बातमीत कधीच येत नाही. बाईला गृहातून सोडवायला वकील लागतो, 'पालक' म्हणून कोर्टात उभा राहणारा कोणीतरी लागतो. पैसे कोण देतं? घरवाली. किंवा सावकार. बाहेर आली की कर्ज दुप्पट. आधी स्वतःच्या मर्जीने, कमाईच्या अर्ध्या वाट्यावर बसणारी बाई सुटकेनंतर खऱ्या अर्थाने बांधली जाते. उंबरझाड, तुम्ही म्हणता ती वही बऱ्याचदा छाप्यानंतर जाड होते.

सांगलीच्या संग्राम संस्थेसोबत उभी राहिलेली वेश्या अन्याय मुक्ती परिषद (व्हॅम्प) बघा. वस्तीतल्या बायकांच्याच तंटामुक्ती समित्या आहेत, अल्पवयीन मुलगी आणली गेली की पहिली खबर त्यांनाच लागते. कोलकात्यात सोनागाछीच्या वस्तीत दुर्बार या सेक्स वर्करच्या संघटनेची स्वयंनियमन मंडळं हेच काम करतात. नवीन मुलगी आली की बोलायचं, वय आणि मर्जी तपासायची. वस्तीत कोण नवीन आलंय हे पोलिसांना कळायच्या कितीतरी आधी शेजारणीला कळतं. तिलाच आरोपी केलं तर ती बोलेल कशाला?

पत्रावळी

मी बरीच वर्षं क्राइम बीट केली. सुटकेचा आकडाच का छापला जातो याचं कारण साधं आहे, प्रेसनोटमध्ये तेवढंच असतं. पुढचं कोर्ट, गृह, परत येणं हे सगळं वेगवेगळ्या खात्यांत वाटलेलं, एकत्र कुठेच नाही.

वरूनही आकडाच मागतात. अमेरिकेचं परराष्ट्र खातं दरवर्षी मानवी व्यापारावर अहवाल काढून देशांना श्रेण्या देतं. भारत २००४ ते २०१० 'टियर २ वॉच लिस्ट'वर (दुसऱ्या श्रेणीच्या देखरेख यादीत) होता, २०११ ला टियर २ मध्ये चढला. या अहवालात खटले आणि शिक्षा मोजतात, त्यामुळे कारवाई दिसावी अशी घाई असते. त्याच अमेरिकेने २००३ च्या कायद्यात अट घातली की एड्सचा निधी हवा असेल तर संस्थेने वेश्याव्यवसायाला विरोध असल्याचं धोरण लिहून द्यावं. संग्रामने तो पैसा नाकारला. २०१३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तिथल्या संस्थांपुरती ती अट घटनाबाह्य ठरवली. परदेशी संस्थांना मात्र २०२० मध्ये त्यांनी तो दिलासा दिला नाही.

आपल्याकडचं सगळ्यात मोठं उदाहरण फेब्रुवारी १९९६ चं. कामाठीपुऱ्यात उच्च न्यायालयाच्या आदेशावरून छापे पडले, चारशेहून जास्त मुली-बायका उचलल्या, त्यात नेपाळच्या खूप. गृहांत जागा नाही, संमती न घेता एचआयव्हीच्या तपासण्या, आणि नेपाळला परत कोण नेणार यावर महिनोनमहिने घोळ. हेतूबद्दल शंका नाही. पण पुढचा विचार कोणी केलाच नव्हता.

सरळसोट

एवढी चर्चा कशाला? सगळं बंदच करून टाका ना. कुणाची बहीण-मुलगी...

बिनपाण्याचा

२०२१ च्या ऑगस्टमध्ये नागपूरच्या गंगाजमुना या वेश्यावस्तीचे रस्ते बॅरिकेड लावून बंद केले होते. बायकांनी आंदोलन केलं. बंद करून त्या कुठे जाणार ते तुम्ही सांगा, मग पुढे बोलू.

(संपादक, धाग्यावर भांडणं पेटायच्या आत लक्ष असू द्या.)

दक्षिणध्रुव

मी न्यूझीलंडमध्ये असतो, म्हणून इथलं सांगतो. २००३ चा कायदा ६० विरुद्ध ५९ मतांनी पास झाला. सज्ञान व्यक्तीचा धंदा आणि त्याभोवतीचं बरंचसं गुन्हेगारीतून काढलं. चौघींपर्यंत एकत्र, स्वतःच्या कमाईवर स्वतःचा ताबा ठेवून काम केलं तर परवाना लागत नाही. काळाकोट यांनी सांगितलेल्या आपल्या 'परस्पर फायद्या'च्या बरोबर उलट. कुठल्याही क्षणी गिऱ्हाइकाला नकार देण्याचा हक्क कायद्यात लिहिलेला आहे. बळजबरी आणि अल्पवयीनांसाठी शिक्षा कायम.

पण सगळं गोडगोड नाही. त्याच कायद्याच्या कलम १९ ने तात्पुरत्या व्हिसावरच्या लोकांना हे काम करायला बंदी आहे. कारण दिलं मानवी व्यापार रोखण्याचं. परिणाम असा की बाहेरून आलेल्या बाईला मारहाण झाली तरी ती तक्रार करायला कचरते, कारण देशाबाहेर काढतील. ज्यांना व्यापाराचा धोका सगळ्यात जास्त, त्यांनाच संरक्षणाबाहेर ठेवलं.

बेल्जियमने २०२२ मध्ये गुन्हेगारीकरण काढलं आणि डिसेंबर २०२४ पासून नोकरीचा करार, आजारपणाची रजा, बाळंतपणाची रजा लागू केली.

उंबरझाड

आणि स्वीडन? १९९९ पासून तिथे विकणारीला हात लावत नाहीत, विकत घेणाऱ्यावर गुन्हा. नॉर्वे २००९, फ्रान्स २०१६. फ्रान्सच्या कायद्याला सेक्स वर्करनीच आव्हान दिलं होतं. जुलै २०२४ मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने फ्रान्सच्या बाजूने निकाल दिला. संयुक्त राष्ट्रांच्या महिलांवरील हिंसाचाराच्या विशेष प्रतिनिधींनीही २०२४ च्या अहवालात हीच वाट सुचवली. त्यामुळे 'मानवी हक्क म्हणजे गुन्हेगारीकरण काढा' एवढं एकच उत्तर आहे असं दाखवू नका.

दक्षिणध्रुव

बरोबर, संयुक्त राष्ट्रांतच दोन मतं आहेत. त्यांच्याच स्त्रियांविरुद्धच्या भेदभावावरच्या कार्यगटाने २०२३ मध्ये उलट भूमिका घेतली होती, आणि ॲम्नेस्टीची २०१६ पासून तीच आहे. कोर्टाने फ्रान्सला 'तुमचा कायदा चालू शकतो' म्हटलं, 'बाकीच्यांनी हाच करावा' असं नाही म्हटलं. गिऱ्हाईक गुन्हेगार झालं की त्याला घाई होते, नाव सांगत नाही, अंधारी जागा मागतो. पारखायला बाईकडे वेळच उरत नाही. नॉर्वेत तर घरमालकांवर गुन्ह्याची भीती घालून बायकांना खोल्यांतून काढायला लावलं गेलं.

काळाकोट

परदेशातून परत येऊ या. १९ मे २०२२ चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश (बुद्धदेव कर्मासकर प्रकरण) अजून कोणी काढला नाही हे आश्चर्य. तेव्हा बऱ्याच वाहिन्यांनी 'वेश्याव्यवसायाला मान्यता' असं ठोकून दिलं. ते चूक.

कोर्टाने नेमलेल्या समितीच्या दहा शिफारशींपैकी सहा लागू केल्या. लैंगिक अत्याचार झालेल्या सेक्स वर्करला इतर कुठल्याही पीडितेइतकीच मदत. संरक्षणगृहांची पाहणी करून मर्जीविरुद्ध ठेवलेल्या सज्ञान बायकांना सोडणं. पोलिसांचं वागणं. माध्यमांनी ओळख उघड न करणं. निरोध पुरावा म्हणून न वापरणं (रानजाई, तुमचा तांदळाचा डबा). हक्कांची माहिती देणारी शिबिरं. शिवाय पत्त्याच्या पुराव्याविना आधार कार्ड.

उरलेल्या चारांवर केंद्राने आक्षेप घेतला. सज्ञान, राजीखुशीने काम करणारीच्या मध्ये पोलिसांनी पडू नये आणि छाप्यात तिला अटक, दंड, छळ करू नये, या दोन्ही त्या चारांतल्या. म्हणजे चौकटराणींच्या प्रश्नाचा गाभा अजून लटकलेलाच आहे.

नवा कायदा? २०१८ चं मानवी व्यापाराचं विधेयक लोकसभेत पास झालं, राज्यसभेत आलंच नाही, २०१९ ला बाद झालं. संयुक्त राष्ट्रांच्या दोन विशेष प्रतिनिधींनी तेव्हाच म्हटलं होतं की त्यात गुन्हेगारीवर भर आहे, हक्कांवर नाही. २०२१ चा मसुदा नुसता फिरला.

आता उंबरझाड यांची वही. कर्जाने बांधलेल्यांसाठी १९७६ चा वेठबिगारी निर्मूलन कायदा आहे, त्यात असं कर्जच रद्द होतं. २०१६ च्या केंद्रीय पुनर्वसन योजनेत कुंटणखान्यांतून किंवा मानवी व्यापारातून सोडवलेल्या बांधील व्यक्तीला तीन लाखांपर्यंत मदत लिहिलेली आहे. बरीचशी रक्कम आरोपीला शिक्षा होण्याशी जोडली आहे, ही त्यातली मेख. पण छाप्यानंतर पीटासोबत हा कायदा लावा म्हणून अर्ज करणारे वकील मला फार भेटले नाहीत. बाईला कोंडण्याऐवजी वही फाडायला कायदा वापरा. इथे तुम्ही आणि चौकटराणी एका बाजूला याल असं वाटतं.

उंबरझाड

वही फाडायला आले मी. गिऱ्हाइकाच्या मुद्द्यावर नाही.

चौकटराणी (धागाकर्ती)

चालेल, तेवढं पुरे. कलम १७ मध्ये 'सज्ञान असल्यास तिच्या लेखी इच्छेशिवाय नाही' एवढी ओळ घाला आणि कलम २(अ) मधला 'परस्पर फायदा' काढा, या दोन मागण्यांवर तुमचं काय मत?

उंबरझाड

पहिलीला हो, लेखी इच्छा दंडाधिकाऱ्यांनी एकांतात घेतली तर. दुसरीला विचार करते. 'दोघी परस्पर फायद्यासाठी' म्हणून घरवाली स्वतःला दुसरी बाई दाखवेल, ही माझी भीती आहे.

गोंधळलेला

धागा पूर्ण वाचला. माझा प्रश्न अगदी वेगळा आहे. आमच्या भागातल्या एका लॉजवर कारवाई करायची आहे, पंच म्हणून या, असा मला फोन आला. नाही म्हणता येतं का? गेलो तर काय बघायचं?

काळाकोट

लेखी आदेश दिला आणि सबळ कारणाशिवाय नाही म्हणालात तर पीटाच्या कलम १५ खाली तो गुन्हा धरला जातो. नुसत्या फोनला तसं बंधन नाही. पण जा असंच सांगेन, जाणता माणूस तिथे असलेला बरा.

पंच दोन तरी लागतात, त्यात एक बाई हवीच. ती त्याच भागातली नसली तरी चालते. पथकासोबत किमान दोन महिला पोलिस हव्यात, आणि बायकांना प्रश्न महिला पोलिसानेच विचारायचे. झडतीचं चित्रीकरण आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे करावं लागतं, पण ते कोर्टासाठी. कोणी मोबाइलवर बायकांचे फोटो काढून ग्रुपवर टाकत असेल, तर तिथेच बोला. पंचनामा घडलं त्याच क्रमाने लिहिलाय का, बाई बोलली ते तिच्या शब्दांत आहे का, हे वाचल्याशिवाय सही नको. कोऱ्या कागदावर तर मुळीच नाही. कोणी 'मला जायचं नाही' किंवा 'मला इथून न्या' असं म्हणाली, तर ते पंचनाम्यात यायला हवं म्हणून आग्रह धरा. पुढे कोर्टात तुम्हाला बोलावतील, तेव्हा तेवढंच आठवावं लागेल.

गोंधळलेला

लेखी काहीच नाही, फोनच होता. उद्या सकाळी ठाण्यात जाऊन आदेश मागतो. दुसरी पंच कोण आहे तेही विचारतो.